सशावर टाकलेलं जॅकेट

तीर्थरूप आबा, पाया पडतो.

"तिकडं जाऊन सगळं विसरलास" हे टुमणं आता बंद करा. काही विसरलो नाही, म्हणूनच रविवारी मरत होतो. फोनवर आई कान लावून बसते, म्हणून कागदावर लिहितोय.

इथं जर्मनीत हॅनोव्हरजवळ ज्या हॉटेलात मी भांडी घासतो, त्याचा मालक क्रोल मला शिकारीला घेऊन गेला. ओरडून जनावर उठवायचं, हाका घालायचं काम. गुडघाभर बर्फ. लांब कानांची बुटकी बीगल कुत्री ओरडत सशामागं सुटली. ससा मोठा फेरा मारून परत आला, तो थेट माझ्या पुढ्यात. आबा, मी विचार करायला थांबतोय होय! वाघरीच्या जाळ्यात ससा अडकला की आपण झेप घेतो ना, तशीच घेतली. अंगातलं जॅकेट त्याच्यावर टाकलं आणि वर मी.

मान वर केली तर क्रोलची बंदूक माझ्यावरच रोखलेली.

"गाढवा, चाप ओढतच होतो मी!" एवढंच बोलला. काडतुसं काढताना त्याच्या हातातनं ती बर्फात पडली. ससा कधी निसटला, कुणीच बघितलं नाही.

मला लागलेलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? धाकट्याला शाळा बुडवून वाघर लावायला नेता का अजून?

आईला यातलं एक अक्षरही सांगू नका. तिला म्हणावं, तुझा संपत जाडा झालाय आणि त्यानं अठरा हजार पाठवलेत.