सरकारी दराचा नवरा

२१ जून १९५८

उद्या मला पाहायला येताहेत. मुलगा अंकाराला असतो! अम्माने नकाशात अंकारा दाखवायला सांगितलं. दाखवलं, तर म्हणते, ‘इतकं लांब? मध्ये समुद्र पण आहे की गं!’

नाव राजगोपाल. तिथल्या एका परदेशी गव्हाच्या कचेरीत आकडेतज्ज्ञ आहे, तीन महिन्यांच्या रजेवर आलाय. वडील नाहीत. आई राजसबाई इथून जवळच तिरुवल्लिक्केणीत एकट्याच राहतात. पगार तुर्की लिऱ्यात! अप्पांचा जन्म गेला हिशेबखात्यात. त्यांनी सरकारी दर शोधून काढला, लिऱ्याचे रुपये केले, आणि चष्मा काढून पुसला. ‘कलेक्टराला पण इतका नाही, मा!’

मुलगा कसा आहे हे अजून कुणी विचारलेलं नाही.

(हे मराठीत लिहिते—घरी आम्ही मराठीच बोलतो, पण धाकटी बहीण विद्युलता तमिळ नि इंग्रजीच वाचते. याहून पक्कं कुलूप मैलापुरात मिळायचं नाही.)

२२ जून, रविवार

आले, बसले, सोज्जी-बज्जी, म्हणजे शिरा नि भजी, खाल्ली. मी गायले—बरं गायले. मुलगा सावळा, उंच, कान मोठे. आणि कापी! एक टंबलर, दुसरा, मग तिसरा मागून घेतला! राजसबाई डोळे वटारताहेत, हा आपला पितोय.

मग म्हणाला, मुलीशी बोलायचंय. अप्पांना घाम फुटला. पण कलेक्टरापेक्षा मोठा पगार—नाही कसं म्हणणार? गच्चीवर पाठवलं, पहाऱ्याला विद्युलता. ती मासिकात डोकं घालून बसली.

मी तयारीनिशी गेले होते. एम.ए.च्या पुस्तकात तुर्कस्तानवर एक धडा आहे आणि आमचे प्रोफेसर त्यावर फिदा आहेत. अमेरिकेचे ट्रॅक्टर आले, पडीक जमीन नांगराखाली आली, त्रेपन्न साली तुर्कस्तानने जगाला गहू विकला. मी घडाघडा म्हणून दाखवलं.

तो हसला. ‘तुमचा धडा त्रेपन्नलाच संपतो काय? पुढचं मी सांगतो.’ चौपन्न साली पाऊस दगा देऊन गेला. गहू विकणारे गहू विकत घ्यायला निघाले. डॉलर संपले. ट्रॅक्टर टायरांवाचून शेतात उभे, दुकानात बल्ब नाहीत. आणि कॉफी नाही—तुर्कस्तानात! लोक हरभरे भाजून त्याची पूड उकळतात. ‘तीन वर्षं हरभरे प्यालोय हो. म्हणून तीन टंबलर. अम्मा रागावलीये.’

मग मी विचारलंच—डॉलरला लिरा किती? सरकारी नको, बाजारातला.

त्याने आधी जिन्याकडे पाहिलं. ‘सरकारीच्या चौपट.’

‘मग तुमचा पगार?’

‘सरकारी दराने कलेक्टर. बाजारात हायस्कुलातला मास्तर.’ कान लाल झाले होते. ‘अम्मा फार खूष आहे. सांगवत नाही. पण तुम्हाला न सांगणं बरं नव्हे.’

मला राग यायला हवा होता. मी फिस्सकन हसले! मुलगा मला आवडला. फार आवडला. लिहून टाकलं.

२३ जून

झोप नीट लागली नाही. त्याने त्याचा खरा भाव सांगितला. मी माझा पदरात झाकून खाली आले.

माझी पत्रिका म्हणते, नक्षत्र मघा. मी जन्मले आश्लेषेवर. आश्लेषेची सून सासूच्या जिवावर उठते म्हणतात, म्हणून सासू जिवंत असलेल्या घरात आम्हाला कुणी घेत नाही. दोन स्थळं तशीच गेली. तेव्हा वेंकोबा जोशांनी माझी जन्मवेळ जरा पुढे सरकवली, आणि मी मघेची झाले. कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणतात. आणि इथे सासू आहे—एकुलती एक, हयात!

माझाही सरकारी दर छापलेला आहे तर.

६ जुलै

निश्चय-तांबूल झालं! लग्न अशुभ आडी महिना संपल्यावर, आवणीत, चोवीस ऑगस्टला. राजसबाईंनी हिऱ्याच्या कुड्या मागितल्या, चांदी मागितली, दोन वेळचं जेवण मागितलं. सगळं अंकाराच्या पगाराला शोभेलसं. अप्पा प्रत्येक गोष्टीला मान डोलावत ‘शरि, शरि’. तिरुवैयारूचं शेत विकणार आहेत.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, ‘अप्पा, लिऱ्याला बाजारात तो भाव नाही.’

‘सरकारने छापलाय तो भाव! काळ्या बाजारातल्या चोराचा भाव धरून मी पोरगी देऊ?’

मी पुढे बोलले नाही. खरं सांगायचं तर बोलायचंच नव्हतं. बोलले तर लग्न मोडेल. शेत जातंय हे दिसत होतं, तरी गप्प बसले. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी!

१७ जुलै

आडी लागला. महिनाभर लग्नाचं नाव काढायचं नाही. राजगोपाल ‘पुस्तक परत द्यायला’ आला. मी त्याला कधीच पुस्तक दिलं नव्हतं.

२ ऑगस्ट

अम्मा कापीच्या बिया भाजतेय, अंकाराला न्यायला. पाववाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारून जाताहेत, वास कसला. अम्मा सांगते, ‘तुर्कस्तानात कापी नाही, बिचारे, पावम!’ एवढ्या पगारात कापी का मिळत नाही, हा प्रश्न तिला पडलेला नाही. अप्पांनाही नाही.

६ ऑगस्ट

पेपरात आलं. लिरा पडला! आता एका डॉलरला नऊ लिरे. काल-परवापर्यंत तीनसुद्धा नव्हते.

अप्पांनीच आधी वाचलं. पेन्सिल मागितली. जावई एका सकाळीत तिसऱ्या हिश्शावर आला. ‘फसवणूक!’ अप्पा एवढ्याने ओरडले की शेजारच्या अलमेलू मामी कुंपणाशी आल्या. ‘खोटा भाव सांगून पोरगी मागतात? लाज नाही?’

माझ्या तोंडून गेलंच. ‘आणि माझी आश्लेषा, अप्पा?’

अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली.

‘ते वेगळं. ते शास्त्र.’

‘शास्त्र म्हणूनच बदललं ना?’

‘पोदुम! पुरे!’ अप्पांनी कोट चढवला, अंगवस्त्र टाकलं आणि लग्न मोडायला तिरुवल्लिक्केणीला निघून गेले. अम्मा चुलीपाशी तशीच उभी. ‘भाजलेल्या बियांचं काय करू गं आता?’

७ ऑगस्ट

मोडलं. अप्पांनी तिथे खरेपणावर भाषण दिलं म्हणे. राजसबाईंनी कापी पुढे केली, यांनी घेतली नाही. राजगोपाल म्हणाला, ‘चूक माझी आहे, अम्माला काही ठाऊक नव्हतं.’ हे अप्पा मोठ्या रागाने सांगत होते आणि मी न्हाणीघरात तोंडात पदर कोंबून रडत होते.

शेत वाचलं, हे बरं झालं. हेही खरंच आहे. पण आज मला त्याचा आनंद होत नाही.

९ ऑगस्ट

लायब्ररीत जाते म्हणून निघाले आणि तिरुवल्लिक्केणीला उतरले.

राजगोपाल बोटीच्या तिकिटासाठी गेला होता. राजसबाई एकट्या होत्या, तांदूळ निवडत. मी उभ्यानेच सांगितलं. माझी पत्रिका वेंकोबा जोशांनी बदललेली, मघा नाही, आश्लेषा. तुमच्या मुलाने पहिल्याच दिवशी मला खरं सांगितलं होतं, मी त्याला सांगितलं नाही. अप्पा तुम्हाला खोटे म्हणाले, ते मला ऐकवलं नाही.

त्यांनी तांदूळ बाजूला सारले.

‘इथे आलेलं अप्पाला ठाऊक आहे?’

‘नाही.’

‘कापी घे. मग जा.’

घेतली. कापी चांगली होती. त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

११ ऑगस्ट

अप्पा भेटेल त्याला सांगताहेत, आपण कसे वेळेवर सावध झालो. प्रोफेसरांनीही वर्गात सांगितलं—तुर्कस्तानचं हे होणार, हे त्यांना पहिल्यापासून दिसत होतं! शेवटच्या बाकावर मी एकटीच हसले. आपल्या रुपयाचं काय, सर, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तिरुवल्लिक्केणीहून काही नाही.

१३ ऑगस्ट

राजसबाई आल्या. एकट्या. अप्पांनी खुर्ची पुढे केली, त्या खालीच बसल्या. कुड्या नकोत, चांदी नको, शेत विकू नका म्हणाल्या. मग मला घेऊन आतल्या खोलीत आल्या, दार लोटलं.

‘मी पण आश्लेषेचीच. माझ्या बापाने पण मघाच करून घेतली, ह्याच वेंकोबाच्या बापाकडून. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात माझी सासू गेली.’

माझे हातपाय गार पडले. त्यांनी माझा हात धरला. त्यांचाही गारच होता.

‘तरी तू ये,’ म्हणाल्या.