सव्वा तासाचं अंतर

मंगळवार, संध्याकाळ. यिशुन, सिंगापूर.

दुपारी मिलानहून वहिनीचा फोन आला. दादा गेला. मला अजून रडू आलेलं नाही. रजा सांगून घरी आले आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले.

मग फ्रँकफुर्टला विनयला, धाकट्या भावाला फोन केला. आईच्या दिवसकार्यात त्याचं आणि दादाचं भांडण झालं, तेव्हापासून बोलणं बंद.

"निघालास का?"

"ताई, तू पोच. तू आलीस की मी येतो."

फ्रँकफुर्ट ते मिलान पाचशे किलोमीटर, विमानाने जेमतेम सव्वा तास. आणि मी तेरा तासांवर. सव्वा तास तर मला कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला कामावर पोचायलाही लागतो!

"अरे, तू आजच तिथे असशील," मी म्हणाले.

तो म्हणाला, "त्या घरात एकटा कसा शिरू?"

मला राग यायला हवा होता. तोही आला नाही. का?

लेक तिकीट बघत होती. "मम्मा, मिलानला डायरेक्ट आहे. व्हाय फ्रँकफुर्ट?"

"विनयमामाला घ्यायला," मी म्हटलं.

त्याला कळवलंय, विमानतळावरच थांब. तिथून पुढे दोघं शेजारी बसून जाऊ.