गोलकीपर फलाटावर असताना झालेला गोल

तीर्थस्वरूप भावोजींना धाकट्या मेहुण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सगळे इथे मजेत आहोत, तुम्हीही तिकडे असालच, असं धरून चालतो. तुमचा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना आणि उतरतानाही वाजतो, असं ताई फोनवर सांगत होती. म्हणजे निदान तो आमच्या गाड्यांपेक्षा नियमित आहे. ताईला नमस्कार सांगा. तिला हे पत्र वाचून दाखवायला हरकत नाही, पण सही आली की थांबा. (तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वर्षं सोसलंय.)

तुम्हाला कल्पना नसेल, पण गेले काही दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. आमच्या एसटी स्टँडवर एक पेटी आली होती. पेटी म्हणजे घोषणा करणारं यंत्र. आत एका बाईचा आवाज भरलेला, मधासारखा गोड. बटण दाबलं की ती सांगते, कुठली गाडी कुठल्या फलाटावर. ना तिला खोकला येतो, ना ती रजा मागते, ना चहाला उठते. साहेबांनी ती चार दिवस वापरून पाहिली आणि मला बोलावून अगदी प्रेमाने सांगितलं की, काळ बदलतोय. भावोजी, साहेब प्रेमाने बोलले की समजावं, आपली उचलबांगडी ठरली. माइकसमोर बसून माझे केस पांढरे झाले. मला तिथून उचलून हरवलेल्या सामानाच्या खोलीत टाकायचं घाटत होतं. त्या खोलीत छत्र्या आणि एकेकटे बूट असतात. त्यांना मी काय घोषणा करून सांगणार?

फक्त पेटीचा सौदा अजून पक्का व्हायचा होता. तेवढ्यात डेपोची वार्षिक फुटबॉलची मॅच आली, ड्रायव्हर-कंडक्टर विरुद्ध वर्कशॉप. साहेब म्हणाले, या वेळी कॉमेंट्री तुम्ही करा, बघू तरी जिवंत माणसाचा आवाज काय कामाचा असतो ते. पेटीवाल्यालाही त्यांनी मॅचला बोलावलं होतं. माझी परीक्षाच होती ती, आणि विषय असा की मी त्यातलं ओ की ठो जाणत नव्हतो. म्हणून तर तुम्हाला फोन करून फुटबॉलचे सगळे शब्द विचारले. तुम्ही आयुष्यभर रेफरीगिरी केलेली, त्यामुळे तुम्ही न थांबता सांगत गेलात आणि मी न थांबता हो हो म्हणत गेलो. खरं सांगू? फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात नुसती खिचडी झाली होती. मग मी ते सगळं माझ्या भाषेत, म्हणजे स्टँडच्या भाषेत, करून घेतलं.

चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो हातांनी आत फेकतात, तो थ्रो-इन. म्हणजे टपावरून पडलेलं सामान पुन्हा वर चढवून देणं. आपल्याच गोलमागच्या रेषेबाहेर आपल्याच माणसाने चेंडू घालवला की समोरच्यांना कोपऱ्यातून मारायला मिळतो, तो कॉर्नर. म्हणजे गाडी मागे घेताना भिंतीला लावली, आता भोगा. पिवळं कार्ड म्हणजे साहेबांनी केबिनमध्ये बोलावणं आणि लाल कार्ड म्हणजे घरी पाठवणं. अ‍ॅडव्हान्टेज मला फार आवडलं. धक्का बसलाय, रेफरीने पाहिलंय, पण ज्याला धक्का बसला त्याचीच चाल पुढे चाललीय म्हणून तो खेळ थांबवत नाही. आमचे कंडक्टर हे रोज करतात. कुणी कुणाच्या पायावर पाय दिला तरी गाडी सुसाट निघालेली असली की ते घंटी काही वाजवत नाहीत. आणि इंज्युरी टाइम! मध्ये वाया गेलेला वेळ शेवटी मोजून परत देतात म्हणे. भावोजी, आम्ही इतकी वर्षं झालेल्या उशिराबद्दल नुसती दिलगिरी व्यक्त करत आलो. तो परत देता येतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

मॅच डेपोच्या मागच्या मैदानात होती. मधल्या भिंतीला एक फट आहे, तिथून फलाट दिसतात. मला एका टेबलाशी बसवलं, माझाच माइक आणून दिला, आणि शेजारी ही बसली. हिला मुद्दाम नेलं होतं, त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे गाडी सुटायच्या आधी कंट्रोलर शिट्टी वाजवतो, आणि ती झाली की मी घोषणा करतो. इतक्या वर्षांत अशी सवय जडलीय की शिट्टी झाली की माझं तोंड आपोआप उघडतं. घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी प्रवाशांना लक्ष द्यायला सांगतो. (ही म्हणते, वरण लागतं तेव्हा मात्र कुणी लक्ष देत नाही.) मॅचमध्ये तर शिट्ट्यांचा सुकाळ. म्हणून असं ठरलं की रेफरीने, म्हणजे शाळेतल्या पीटीच्या सरांनी, शिट्टी वाजवली की हिने माझ्या दंडाला चिमटा काढायचा. तिने हे काम इतकं मन लावून केलं की दंड अजून निळा आहे.

सुरुवात बरी झाली. गोलची घाई मी केली नाही. गाडी फलाटाला लागल्याशिवाय आली म्हणायचं नाही, हा माझा धंद्यातला नियम. त्यामुळे चेंडू गोलकडे निघाला की मी, चेंडू थोड्याच वेळात गोलमध्ये पोहोचण्याची शक्यता आहे, एवढंच म्हणायचो. आणि बरं झालं, कारण तो एकदाही पोहोचला नाही. लोक हसत होते, पण ऐकत होते. मग ऑफसाइड झाला. नेहमीप्रमाणे अर्धं मैदान आरडाओरडा करायला लागलं, कारण तो कुणालाच कळत नाही. मी सांगितलं, मंडळी, गाडी वळण घेऊन फलाटाला यायला लागते, त्या क्षणी रांग सोडून सगळ्यांच्या पुढे, दार येईल तिथे जाऊन उभा राहिलेला माणूस म्हणजे ऑफसाइड. त्याला पहिलं चढू द्यायचं नाही. पण गाडी वळताना जो रांगेतच होता आणि नंतर धावत पुढे आला, त्याचा काही दोष नाही. बघायचं ते पास निघाला तेव्हा कोण कुठे होता ते, पोहोचला तेव्हा नव्हे. भावोजी, हळूहळू ओरडणाऱ्यांच्याच माना डोलायला लागल्या. ही मला हळूच म्हणाली, "अहो, मलासुद्धा कळलं की!" त्या एका वाक्याने मी जो फुललो, तो अजून तसाच आहे.

पण ज्यांनी ऐकायचं ते ऐकत नव्हते. साहेब आणि पेटीवाला समोरच्या खुर्च्यांवर बसून आपल्याच गप्पांत होते. मॅच संपत आली, दोन्हीकडे शून्य. पेटीवाल्याने बॅगेतून कागद काढून मांडीवर पसरले. साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. मला त्या खोलीतल्या छत्र्या दिसायला लागल्या.

आणि नेमकी त्याच वेळी स्टँडच्या बाजूने शिट्टी झाली. ही गाफील होती, चिमटा बसला नाही. माझं तोंड उघडलं, आणि पूर्ण आवाजात शब्द बाहेर पडले, "फलाट क्रमांक तीनवरील गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. चालक-वाहकांनी ताबडतोब गाडीवर हजर व्हावे!"

पुढचं दृश्य तुम्ही बघायला हवं होतं. ड्रायव्हर-कंडक्टरांची अख्खी टीम जिथल्या तिथे वळली आणि भिंतीच्या फटीतून फलाटाकडे चालू लागली. कुणी विचार केला नाही, कुणी मागे पाहिलं नाही. पाय आपोआप निघाले. त्यांचा कॅप्टन कंडक्टर आहे, तो वाटेतल्या प्रेक्षकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत गेला. त्यांचा गोलकीपर लांब पल्ल्याचा ड्रायव्हर आहे, उंचीमुळे सगळे त्याला खांब म्हणतात. तो तर गोल सोडून, हातमोज्यांसकट जाऊन स्टिअरिंगवर बसला आणि चावी शोधायला लागला. मोज्यातून चावी हाताला लागेना, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण गोलमध्ये होतो. इकडे चेंडू वर्कशॉपच्या वेल्डरच्या पायाशी होता. त्याने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि बागेत फिरायला निघाल्यासारखा सावकाश जाऊन तो चेंडू गोलमध्ये ठेवून आला.

पीटीचे सर म्हणाले, मी शिट्टी वाजवलेली नाही, म्हणजे खेळ चालू होता, म्हणजे गोल. (ऑफसाइडचाही प्रश्न नाही, कारण त्याला कुणी पास दिलाच नव्हता. हे तुम्हीच शिकवलंत.) ड्रायव्हर मंडळी परत येऊन माझ्या टेबलाभोवती जमली, आणि त्यांनी मला जे काही म्हटलं ते माइक चालू असल्यामुळे सगळ्या गावाने ऐकलं.

साहेब मात्र उभे राहिले होते. पेन हातात तसंच उघडं. ते पेटीवाल्याला म्हणाले, "तुमची बाई चार दिवस गोड बोलत होती आणि माझा एक ड्रायव्हर कॅन्टीनमधून हलला नाही. सगळ्यांना वाटायचं, रेडिओ लागलाय. या माणसाने एकदा सांगितलं आणि गोलकीपर गोल सोडून कामावर गेला!" टोपण बंद झालं, पेन खिशात गेलं. पेटी दुसऱ्याच दिवशी परत रवाना झाली. फलाटापर्यंत तिला सोडायला मी स्वतः गेलो, आणि तिच्या गाडीची घोषणाही मीच केली.

तर असं सगळं छान झालंय. खुर्चीला नवी उशी मिळाली, घसा ठीक आहे, झोप लागते. गाडीची वाट पाहणारे प्रवासीही आता ऑफसाइड समजावून सांगा म्हणून खिडकीशी येतात. तुमचे उपकार मानावे तेवढे थोडेच. ताईच्या हातचं जेवण आणि तुमचा एखादा नवा नियम, दोन्हीची वाट पाहतो.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. : लिहायचं राहिलं. ड्रायव्हर मंडळींनी त्या गोलविरुद्ध तक्रार केली आहे. बाहेरून कुणी शिट्टी वाजवून खेळात अडथळा आणला, तर रेफरीने खेळ थांबवायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. निवाडा कुणी करायचा यावर बराच वाद झाला आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तुमचं नाव एकमताने मान्य केलं. तुम्ही माझे भावोजी आहात हे मी आधीच सांगितलं. खांब म्हणाला, म्हणूनच तर. तुम्ही एकदा सख्ख्या भावाला लाल कार्ड दाखवलंत, हे त्यांच्या कानावर गेलंय. येत्या रविवारी साहेबांचा तुम्हाला फोन येईल.

ता. ता. क. : गोल द्या, नाहीतर रद्द करा, मॅच पुन्हा खेळवा, मला दोन्ही सारखंच. खरं तर रद्द केलात तर बरं, खांब अजून माझ्याशी बोलत नाही. विनंती एकच. ती शिट्टी कुणी वाजवली, एवढं मात्र साहेबांना विचारू नका.

ता. ता. ता. क. : कंट्रोलर त्या वेळी माझ्या समोरच बसला होता, दोन्ही हात चण्याच्या पुडीत. तीन नंबरला उभी होती ती गाडी त्या दुपारी सुटायचीच नव्हती. आणि ही गाफील नव्हती, भावोजी. हिचे कान तुम्हाला माहीत आहेत. तिने चिमटा काढला नाही, कारण शिट्टी झालीच नव्हती.