समितीने मागवलेलं पान

बाबा, कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये तुम्ही उभा जन्म काढलात आणि मला एकच गोष्ट बडवून शिकवलीत. पाचवीत गणित चुकलं म्हणून मी वहीचं पान फाडलं, तर तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. "पान फाडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि त्या दिवसाची तारीख." आई म्हणाली, "अहो, पोराला जेवू तरी द्या." त्या दिवशी मी तुम्हाला जाम घाबरलो. त्याहून मोठी भीती असते हे कुवेतला आल्यावर कळलं.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी इथे आलो. सुलैबियापलीकडच्या एका पंपिंग स्टेशनवर शिफ्ट इंजिनीअर होतो. तिथला वायूचा अलार्म उगाच वाजतो म्हणून आमच्या मुदीरने, म्हणजे वरच्या साहेबाने, तो बंद ठेवायला सांगितला होता. मी तसं शिफ्टच्या वहीत लिहिलंही. त्याच दुपारी वेल्डिंग करताना भडका उडाला आणि परभणीकडचा आमचा एक फिटर भाजला. उजवा हात गेल्यातच जमा. एरवी हे तिथेच मिटलं असतं, पण तेव्हा संसदेत आमच्या खात्याच्या मंत्र्याला खाली खेचायची तयारी चालली होती. आपल्याकडे महाभियोग म्हणतात, साधारण तसंच. इथे मंत्र्याला सगळ्यांसमोर उभं करून जाब विचारतात आणि मग मत घेतात. त्याआधी चौकशी समितीला कागद मागवता येतात, माणसंही बोलावता येतात. समितीने आमची वही मागवली.

मुदीरने मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. एरवी तो कोणाला पाणीही विचारत नसे. "नया रजिस्टर बना दो. अलार्म चालू था, फिटर ने ध्यान नहीं दिया. बस." मग माझ्या इक़ाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची, मुदत कधी संपते हे त्याने अगदी सहज विचारलं. घरी बायको म्हणाली, "मोठ्यांची भांडणं आहेत ती. आपण कोण? पोरीची शाळा अर्ध्यावर सोडून जायचंय का?" मी बसलो आणि सबंध महिन्याची वही उतरवून काढली. उतरवण्याच्या नादात भडक्याच्या दिवसाच्या पानावर जुनंच वाक्य लिहून बसलो: अलार्म आदेशावरून बंद. आणि मग, बाबा, मी त्यावर एक रेघ मारली. खालचं स्वच्छ वाचता येत होतं. शेजारी सही केली आणि तारीख टाकली, लिहीत होतो त्या दिवसाची. भडक्यानंतर तीन आठवड्यांची. माझ्या लक्षातही आलं नाही. मुदीरने पानं न बघताच वही पाठवून दिली.

समितीच्या लक्षात आलं. मला बोलावणं आलं. शहरातल्या शर्क भागातून टॅक्सी जात होती आणि मी हनुमानाचं नाव घेत होतो. शर्ट पाठीला चिकटलेला. खोलीत पाच जण होते. त्यातल्या म्हाताऱ्या सभासदाने पान माझ्यापुढे सरकवलं आणि दुभाष्यामार्फत शांतपणे विचारलं, "ही ओळ तुमची? मग खोडायला कोणी सांगितलं? घाबरू नका, इथे तुम्हाला कोणी काही करणार नाही." खरं सांगायला त्याने दार सताड उघडून धरलं होतं. मला मात्र पोरीचा गणवेश दिसत होता. मी म्हणालो, "कोणीच नाही. जुनी वही तेलाने खराब झाली म्हणून मी उतरवून काढली. ती ओळ दुसऱ्या दिवसाची, चुकून तिथे पडली." त्याने पान मिटलं.

मंत्री टिकला. मुदीर टिकला. माझा इक़ामा वाढला. फिटरवर निष्काळजीपणाचा ठपका आला आणि त्याला भरपाईविना परत पाठवलं. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. त्याने डावा हात कपाळाला लावला. "साहेब, माझ्यापायी तुम्ही त्या मोठ्या लोकांपुढं गेलात. लई उपकार झाले बघा."

मी म्हणालो, "त्यात काय एवढं."

तुम्ही हयात असतात तरी हे पत्र टाकायची माझी हिंमत झाली नसती.