सहावी मराठी, पट एक

१ जुलै १९५७, सोमवार. सकाळी ७.

नवी वही. आज शाळा सुरू. संकल्प: पहाटे उठणे, तापीपर्यंत चालून येणे, मुलांचा अभ्यास जातीने घेणे आणि घरात हिंदीचा एकही शब्द चालू न देणे. पहिले दोन पुढच्या आठवड्यापासून. नुकता फ्ल्यूतून उठलोय, नदीवरचा वारा बाधायचा.

शाळेने फॉर्म पाठवला आहे. सहावीपासून हिंदी सेक्शन की मराठी, ते पालकांनी कळवावे. यात विचारायचं काय? रजनीच्या फॉर्मवर 'मराठी' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. शाईचा डाग पडला, पण ठसठशीत दिसतं. सौ. निर्मला म्हणाली, एकदा रजनीला तरी विचारा. अकरा वर्षांच्या मुलीला काय विचारायचं! रजनी तिथेच दप्तर भरत होती. काही बोलली नाही, म्हणजे पसंत आहे.

४ जुलै, गुरुवार.

नियम जाहीर केला. घरात हिंदी शब्द तोंडातून निघाला की पाटीवर दहा ओळी: 'मी घरात मराठीच बोलेन.' पहिली शिकार चिरंजीव श्रीकांत, वय आठ. "नाना, नल आ गया!" असं ओरडत आला. त्याच्या दहा ओळी होईपर्यंत नळ गेला. सौ. रिकाम्या हंड्याकडे बघून काहीतरी पुटपुटली. मी ढळलो नाही.

श्रीकांतने विचारलं, नाना चुकले तर? नियम सर्वांना सारखा, असं बाणेदारपणे सांगितलं.

७ जुलै, रविवार.

आपल्या घरी पालकांची मीटिंग. नऊ जण आले. जकात नाक्यावरच्या कारकुनाला एवढा एक फायदा, बहादरपूर-दापोऱ्याच्या केळीच्या गाड्या रोज समोरून जातात, ओळख दांडगी.

भाषण पाऊण तास. मुद्दा असा: रावेर तिकडे मुंबई राज्यात, आपलं बुऱ्हाणपूर इकडे भोपाळच्या दावणीला, आणि मधे काय, तर केळीचे मळे! ही चूक वर्ष-दोन वर्षांत दुरुस्त होणारच. तेव्हा ज्यांची मुलं मराठीत शिकली असतील त्यांचंच भलं. मग प्रत्येकाच्या हातावर सुपारी ठेवली. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला, हे आपल्याकडे लग्नालाही पुरतं. बहादरपूरचा चुडामण म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही म्हनता ते सोळा आने खरं. आमचा पोऱ्या कडू मराठीतच." आणि तिथेच अडकित्त्याने कातरून सुपारी खाल्ली. सौ.ने नऊ चहा केले. आपण दहावा मागितला तर दूध संपलं होतं.

सहावी मराठीचे दिगंबर गुरुजी कोपऱ्यात बसून होते. हेडमास्तरांनी त्यांना सांगितलंय, पटावर एक जरी नाव असलं तरी यंदा वर्ग चालू ठेवू. नाव नसलं की गुरुजींची जागा गेली. मी म्हणालो, गुरुजी, एक काय, नऊ आहेत!

१५ जुलै, सोमवार.

पट पाच. शेजारच्या गोदाबाईंनी मथुराला हिंदीत घातलं. दिरांनी खांडव्याहून लिहिलं म्हणे, पुढे नोकऱ्या तिकडच्यांना. मथुरा आणि रजनी पहिलीपासून एका बाकावर. रजनी रात्री अर्धी भाकरी टाकून उठली. स्वाभिमान. बापाचं रक्त आहे.

२४ जुलै, बुधवार.

चुडामणची गाडी नाक्यावर आली, चुडामण दिसेना. केळीच्या घडांमागे पागोटं मात्र दिसत होतं. हाक मारली. म्हणाला, "काय करू भाऊसाहेब, पोऱ्या ऐकत नाही. म्हनतो, सारे दोस्त उधर है." बापाने पोराचं ऐकायचं! सुपारीची आठवण दिली. म्हणाला, दुसरी आणून देतो.

पट दोन.

२९ जुलै, सोमवार.

पट एक.

घाबरण्याचं कारण नाही. उलट बरंच झालं. आता गुरुजी संपूर्ण रजनीचे. पूर्वी राजेरजवाड्यांच्या मुलांना असं शिक्षण मिळे. तिला हे नीट समजावून सांगितलं. तिने विचारलं, "नाना, डबा कोणाबरोबर खायचा?" मुलं मुद्दा सोडून भलतंच धरतात.

सौ. संध्याकाळी बराच वेळ काही सांगत होती, रजनीबद्दलच. मी भोपाळला अर्ज लिहीत होतो. अर्धं ऐकलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार.

तीन दिवस रजनीचं पोट दुखतंय. ताप नाही, जीभ साफ. काल तिच्याशी कणखरपणावर बोललो. भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकलं. काल रात्री सौ. पुन्हा तोच विषय काढत होती, पण पेपरात सीमेबद्दल दोन ओळी होत्या.

आज सौ. स्वतः तिला घेऊन शाळेत गेली. आईलाही आस्था वाटू लागली, हे आपलं यश. निघताना म्हणाली, "अहो, मी हेडमास्तरांना भेटणार आहे. ऐकताय ना?" मान हलवली. दाढी चालू होती.

९ ऑगस्ट, शुक्रवार.

रजनी पार बदलली! पोट थांबलं. दोन भाकऱ्या खाते. सकाळी दहालाच तयार होऊन दारात उभी. कणखरपणाचं भाषण वाया गेलं नाही.

दिवेलागणीला मी पाटावर बसतो, ती समोर वही घेऊन बसते. मी विचारतो, आज वर्गात काय झालं? ती सांगते, गुरुजींनी आज असीरगडावर निबंध सांगितला, गुरुजींनी आज शब्दांचे अर्थ घेतले. तोंडपाठ सांगते, अडखळत नाही. दिवसातली ही पंधरा मिनिटं मला फार आवडतात. नाक्यावर बसल्या बसल्या त्यांचीच वाट बघतो. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार.

भोपाळहून उत्तर! आपला अर्ज 'विचाराधीन' आहे. राज्याचं सरकार बुऱ्हाणपूरच्या एका कारकुनाच्या अर्जावर विचार करत बसलंय, याचा अर्थ उघड आहे. पत्र काचेत बसवायला दिलं.

ऑफिसात साहेबांनी माझा मसुदा परत केला, हिंदी कच्ची म्हणून. एकोणीस वर्षं मराठीत काम केलं, कोणी शाईच्या ठिपक्याचीही चूक काढली नव्हती. ऑफिसातल्या नव्या पोराने माझ्यासमोर तांबड्या पेन्सिलीने सुधारला. असो. साहेबांची बदली होईलच.

घरी आलो तेव्हा स्वयंपाकघरात तिघं हसत होती. श्रीकांत कोणाची तरी नक्कल करत होता. मी आत गेलो आणि तिघं थांबली. नियम छान अंगवळणी पडलाय. आता जेवताना फक्त ताटवाट्यांचा आवाज येतो. कधी कधी घर जरा जास्तच शांत वाटतं. सवय होईल.

३ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

पाटीपूजन. दोघांनी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. रजनीची रेखीव, श्रीकांतची विंचवासारखी. वर्षभराची सगळी पुस्तकं पूजेला ठेवायची असतात. एक जरी बाहेर राहिलं तर त्या विषयाला सरस्वती रुसते, असं माझी आई सांगायची, मी मुलांना सांगतो. रजनीने चळत नीट रचली, वरून धुतलेला पंचा घातला. मी हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहिली. तिने डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार.

सकाळी पूजा उतरवताना चळतीच्या तळाला सहावीची हिंदीची तीन पुस्तकं निघाली. इतिहास, भूगोल, गणित. पानापानावर खुणा, कडेला रजनीचं अक्षर.

विचार केला. उलगडा झाला. मथुराची असणार. रजनी तिला अभ्यासात मदत करते. मराठी मुलगी हिंदी सेक्शनचा अभ्यास घेते! सौ.ला हे सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मग नुसतंच म्हणाली, "पुस्तकं द्या इकडे, शाळेला उशीर होतोय."

आपण रावेरला असतो तर, असं पुन्हा वाटलं. का वाटलं कळलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार.

सहामाहीचा निकाल. रजनी वर्गात पहिली!! गुरुजींच्या अक्षरात 'क्रमांक पहिला'. बुधवारा पेठेत पेढे वाटले. मोतीलाल कापडवाल्याने विचारलं, किती मुलांत? प्रत्येक ठिकाणी काही लोक असे असतातच.

बक्षीस म्हणून पुण्याहून मराठी शब्दकोश मागवला. शाळेत जाऊन गुरुजींच्या हस्ते द्यायचा. रजनीला सांगितलं तर तिचे डोळे भरले. "नको ना नाना, बक्षीस नको." इतकी विनयी मुलगी कोणाची असेल?

११ नोव्हेंबर, सोमवार.

शब्दकोश आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कोट घातला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.

काल पुढे लिहिलं नाही.

शाळेत गेलो तेव्हा दीड वाजला होता. सहावी मराठीचं दार लोटलेलं. आत दिगंबर गुरुजी एकटेच. फळ्यावर तारीख, वार, पट एक, हजर एक. समोर रिकामी बाकं. मला बघून ते उभे राहिले, जसे इन्स्पेक्टर आल्यावर राहतात. मी विचारलं, रजनी कुठे? त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

शेजारच्या वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. चाळीसेक मुलं. तिसऱ्या बाकावर मथुरा, तिच्या शेजारी रजनी, मागे चुडामणचा कडू. मास्तरांनी काही विचारलं आणि रजनी अर्धी उठून हात हलवत ओरडली, "मैं बताऊँ, सर? मैं बताऊँ!" तोंडभर हसत होती. जुलैपासून हा चेहरा मी पाहिला नव्हता. पाहिला नाही हेसुद्धा खिडकीशी उभा राहिल्यावर कळलं.

आत गेलो नाही. परत गुरुजींकडे आलो. ते खालमानेने सांगत होते. दोन ऑगस्टपासून ती तिकडे बसते. पटावर नाव इकडेच राहू दिलं, म्हणून त्यांची जागा टिकली. ते रोज तिची हजेरी लावतात. "एकटी उरली तेव्हा पोर माझ्याशीही बोलेना हो. खिडकीतून शेजारचा पाढा ऐकत बसायची. डबा तसाच घरी न्यायची." मी विचारलं, आणि असीरगडाचा निबंध? शब्दांचे अर्थ? गुरुजी म्हणाले, मधल्या सुट्टीत ती दहा मिनिटं येऊन बसते. घरी नानांना काय सांगायचं, ते दोघं मिळून ठरवतात.

टेबलाच्या खणातून त्यांनी चिठ्ठी काढून दाखवली. मुलीला हिंदी वर्गात बसू द्यावे. खाली 'निर्मला'. सौ.ची सही मी पहिल्यांदाच पाहिली. अक्षर चांगलं आहे.

शब्दकोश तिथेच विसरलो.

घरी येऊन सौ.ला ओरडणार होतो. पूर्ण वाक्यं तयार होती. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला तीनदा सांगितलं होतं." मी म्हणालो, कधी? तिने खडे वेचून बाजूला टाकले. मग ही वही चाळली. २९ जुलै. २ ऑगस्टला दोनदा. बरोबर तीनदा. माझ्याच अक्षरात.

मुलगी हिंदीत गेली याचं वाईट वाटतंय, असं लिहिणार होतो. खोटं आहे. ती माझ्यापासून लपून सुखी झाली, त्याचं वाईट वाटतंय. आणि रोज संध्याकाळी माझ्यासाठी एक वर्ग रचून आणत होती. त्यात गुरुजी होते, निबंध होते. इतके दिवस मला पुरला तो वर्ग.

आज सकाळी गुरुजींकडे जाऊन आलो. रजनीचं नाव पटावरून काढायचा अर्ज देतोय, म्हटलं. त्यांना ठाऊकच होतं. म्हणाले, मुलगी आहे, एक ना एक दिवस जायचीच. शब्दकोश परत देऊ लागले, मी घेतला नाही. त्यांची बदली कुठे होते ते कळायचंय. मी त्यांच्यासाठी वर लिहून बघतो, असं म्हणालो. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

दिवेलागण.

रजनी नेहमीसारखी वही घेऊन समोर बसली. तिला कालचं अजून कोणी सांगितलेलं नाही. मी विचारलं नाही, तरी तिने सुरू केलं, "नाना, आज गुरुजींनी नदीवर..."

मी म्हणालो, "बेटा, सच्ची बताव. आज क्लास में क्या हुआ?"

एवढंच. पण श्रीकांत पलीकडून उसळला, "नाना हिंदी बोलले! दहा ओळी!" आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. सौ. पोळपाटावर थांबली. तिघंही माझ्याकडे बघत होती. मी काय करेन ते त्यांना माहीत नव्हतं. या घरात मला सगळे भितात, हे मी शिस्त समजत होतो.

पाटी मागितली. श्रीकांतने आणून दिली, लांबूनच. लिहायला बसलो. मी घरात मराठीच बोलेन. मी घरात मराठीच बोलेन.

सहाव्या ओळीपर्यंत कोणी हललं नाही. सातव्या ओळीला रजनी सरकून माझ्याजवळ आली आणि हळूच हिंदीत सांगू लागली. कडूने दौत सांडली, मथुराला नाटकात राणीचं काम मिळालं, सर चिडले की तोतरे होतात. सगळं कळत होतं असं नाही.

दहा ओळी कधीच्या झाल्या. मी मान खाली घालून लिहीतच राहिलो. वर पाहिलं असतं तर ती थांबली असती.