विनोदच्या खिडकीसमोरचं घर

२ मे, शुक्रवार

विनोदचं कार्ड आलं. व्हॉट्सॲपवर. नागपूरले बेसा भागात फ्लॅट घेतला, तिसरा माळा, ११ तारखेले वास्तू. गल्लीसाठी ट्रॅव्हल्स करून राह्यला म्हने. कार्डावर माह्यं नाव: श्री. देवानंद. बस. ना सौ., ना सहपरिवार. चुलतभाऊ मी, चार वर्षानं मोठा, त्याले सायकल म्या शिकवली.

हरकत नाई. कार्डाचं काय, कोनीबी फॉरवर्ड करते. आमच्या कामरगावात खरं आवतन धनीबाई काकूच्या हातचं. काकू म्हंजे विनोदची माय. घरात येऊन चुलीवर हळदीचे पाच तांदूळ ठेवते. मंग त्या दिवशी घरातली चूल बंद, लहान-मोठे सगळे तिकडे जेवाले. चूलबंद आवतन. आता चुली गेल्या तं गॅसवर ठेवते. माही माय गेली तवा मी सहा वर्षाचा होतो. तवापासून काकूच्याच ताटात जेवलो. ते पयले माह्याच घरी येईन, यात शंका नाई.

७ मे, बुधवार, दुपारी २

रंजीता बहिनीकडे कारंजाले गेली, उद्या येईन. काकू सकाळपासून गल्लीत फिरून राह्यली. खेमाच्या घरी गेली, गोविंदसिंगच्या घरी गेली. माह्या मोटार वाइंडिंगच्या दुकानापुढून दोन डाव गेली, माह्याकडे पाहून हासली. आवतनाचा एक शब्द नाई.

जेवाले घरी आलो तं मांगचं दार नुसतं लोटलेलं अन् गॅसवर पिवळे तांदूळ सांडलेले. रंजीता फोडनीचा भात करून गेली अन् ओटा तसाच टाकला. वाळून कडक झालेले. चष्मा दुकानात राह्यला तरी मले घान दिसते, तिले धडधाकट डोळे असून दिसत नाई. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. बाहेर अपमान सोसा अन् घरी येऊन ओटे पुसा.

१० मे, शनिवार

काकू आली नाई. नाईच आली. उद्या गाडी सुटन.

रंजीता म्हने, इसरली असन, म्हातारं मानूस हाये, आपन जाऊ. म्या सांगतलं, एकट्या मानसाचं आवतन असलेल्या घरी देवानंद बायको घेऊन जात नसते.

११ मे, रविवार, सकाळी ७

ट्रॅव्हल्स माह्या दारापुढं थांबली. हॉर्न मारला. मी हाललो नाई. पुन्हा मारला. मंग तिसऱ्यांदा. मुद्दाम. पाहा म्हने, सगळी गल्ली जाऊन राह्यली अन् तू बस घरी. काकू पुढच्या सीटवर, इकडेच पाहून राह्यली होती.

मी रंजीताले म्हनलो, भजे काढ. खिडकी उघड. धूर बाहेर गेला पायजे. सगळ्या गल्लीच्या चुली बंद अन् एकट्या माह्या घरचा धूर. बरोबर गाडीच्या काचेपर्यंत गेला.

भजे तेलकट झाले.

ठराव: येत्या दिवाळीच्या मांगं-पुढं नागपूरच्या बाजूले माह्यं घर. विनोदपेक्षा वरचढ. वास्तूले सगळी गल्ली चूलबंद, अन् विनोदच्या घरी आवतन: घरटी एक. तवा त्याले कळन.

२५ मे, रविवार. नागपूर

नितानं घर दाखवलं. निता माही पोरगी, हिंगणा रोडच्या एका दवाखान्यात नर्स हाये, एका खोलीत तिघी जनी राह्यते. घर म्हंजे तिचीबी सोय होईन, हे म्या तिले मांगच्या दिवाळीपासून सांगून राह्यलो. तिनं दाखवलेला फ्लॅट दवाखान्यापासून पायी दहा मिनिटं. नळाले दोन टाइम पानी, खाली भाजीवाला. रंजीतानं ओट्यावर हात फिरवून पाह्यला, म्हंजे तिले पटला.

मले नाई पटला. विनोद राह्यते बेसाले, शहराच्या दुसऱ्या टोकाले. तो इकडे कवा येईन? आलाच नाई तं जळन कसा? निता म्हने, "बाबा, तुमी घर कोनासाठी घेऊन राह्यले?"

पोरीले अनुभव नाई.

८ जून, रविवार

वाडीकडे पाह्यलं. अमरावती रोड, कामरगावाहून येनाऱ्याले सोपं. हेच वांधं. लोकं म्हनतीन, येता येता थकला अन् तिथंच बसला. रद्द.

मनीषनगर चांगलं हाये. पन तिथं विनोदच्या साळीचं घर हाये. तिच्याकून चौकशा होतीन. रद्द.

निता सोबत आली नाई. ड्यूटी होती म्हने.

२२ जून, रविवार, संध्याकाळी ६

भेटलं. बेसातच. विनोदच्या बिल्डिंगच्या बरोबर मांगं, कंपाउंडले कंपाउंड लागून, एक रो-हाऊस. एजंट सांगून राह्यला होता पानी, रस्ता, शाळा. मी वर पाहून राह्यलो होतो. विनोदच्या हॉलची खिडकी, तिच्यावर चकचकीत ऊन. ऊन येऊन राह्यलं माह्या बाजूनं. म्हंजे मी वर तीन माळे चढवले अन् त्याच्यावर टाकी बसवली, की विनोदच्या घरात दिवसा लाइट लावा लागते. त्याचा उजेड माह्या हातात. एवढा मोठा बदला गल्लीत कोनी घेतला नसन.

निता फोनवर म्हने, तिथून दवाखाना पंधरा किलोमीटर हाये, दोन बस बदला लागतीन. म्या सांगतलं, सकाळच्या बसमंधी अभ्यास होते. ती म्हने, माहा अभ्यास झाला बाबा, नोकरी लागून दोन वर्षं झाले.

१३ जुलै, रविवार

सौदा झाला. कारंजा रोडचा प्लॉट इकला. दुकान हेमसिंगच्या हवाली केलं. माह्याच हाताखाली शिकला, मोटार बांधते चांगली, गिऱ्हाइकाशी बोलते जास्त.

विनोदले सांगतलं नाई. डायरेक्ट खिडकीतून दिसाले पायजे.

१७ ऑगस्ट, रविवार

विनोदची बायको, अंजना, वरून मले दिसली. मी मिस्त्रीसंगं टेप धरून उभा. तिनंच आवाज देला: दादा, तुमी मांगं आले म्हने. वर किती माळे काढता? म्या छाती पुढं करून सांगतलं, तीन. अन् टाकी.

तर बाई खूष झाली. म्हने, देवच पावला. दुपारपासून दिवस बुडेलोक हॉल भट्टीसारखा तापते, एसी पुरत नाई. तुमचं बांधकाम झालं की आमाले सावली होईन, लवकर करा.

मोबाइलवर दिशा पाह्यली. मी पश्चिमेले हावो. सकाळचं ऊन दुसऱ्या बाजूनं येते.

मिस्त्रीले परत पाठवलं. वरचे माळे रद्द. विनोदले गारवा देनारा मी कोन?

५ ऑक्टोबर, रविवार

राहाले आलो. वास्तू मांगून करीन, मुहूर्त पक्का हाये.

सकाळी साडेदहा वाजेलोक विनोदच्या बिल्डिंगची सावली माह्या घरावर राह्यते. आमी लाइट लावून चहा पेलो.  

९ ऑक्टोबर, गुरुवार

काकू वास्तूपासून विनोदकडेच राह्यते. तिसऱ्या माळ्याहून सगळ्या कॉलनीत आयकू जाईन असं ओरडते, "देवा, उठला काय रे?" बावन्न वर्षाच्या मानसाले. शेजारी काय म्हनत असतीन. अपमान कराची हे एक नवीन पद्धत.

वरून दोरीले थैली बांधून खाली सोडते. आज त्यात मिरचीचा ठेचा अन् ज्वारीच्या दोन भाकरी होत्या. आमी काय खातो, कसं राह्यतो, हे पाहाची युक्ती. म्या रंजीताले म्हनलो, थैली रिकामी परत कर. तिनं परत केली. ठेचा मी ठेवून घेतला, पुरावा म्हनून. दोन्ही भाकरीसंगं संपला. हात काकूचाच. मीठ तेवढंच, लसन तेवढाच. डोळ्यात पानी आलं ते मिरचीचं.

२ नोव्हेंबर, रविवार

निता सामान घेऊन गेली. महिनाभर दोन बस केल्या, आता दवाखान्याजवळ खोली घेतली. पुन्हा तिघी जनी. जाता जाता म्हने, बाबा, घर चांगलं हाये, मी सुट्टीले येत जाईन. पोरगी समजदार हाये. रंजीतानं तिच्या खोलीत कांदे वाळू घातले.

हे नुसकान विनोदच्या नावावर लिहून ठेवतो.

९ नोव्हेंबर, रविवार

आवतनं झाले. गावाले जाऊन रंजीतानं घरोघरी गॅसवर अक्षत ठेवली, खेमापासून सोमलाच्या घरापर्यंत. चूलबंद. ट्रॅव्हल्स ठरवली, त्याचीच, मे महिन्यातली. ड्रायव्हरबी तोच.

विनोदले व्हॉट्सॲप केलं. घर दहा पावलावर हाये, तरी व्हॉट्सॲप. श्री. विनोद. घरटी एक. दोन निळ्या खुना आल्या. अर्धा घंटा मोबाइल हातात धरून पाह्यलं. सहा महिन्यात एवढं बरं वाटलं नोतं.

रंजीता म्हने, काकूलेबी नाई? म्या म्हनलो, तिनं मले कुठं देलं? रंजीता म्हने, मी त्या दिवशी कारंजाले होती, मले काय माहीत. अन् भाजी चिराले बसली.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी

वास्तू झाली.

मांडव टाकला होता. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, शंभर पानाचा अंदाज. मी नवीन सफारी घालून फाटकात. अकरा वाजता ट्रॅव्हल्स आली अन् थांबली विनोदच्या गेटवर. ड्रायव्हरले तोच पत्ता माहीत. सगळे उतरले अन् सरळ वर गेले, धनीबाईले भेटाले. गावातून गेल्यापासून कोनी पाह्यलं नोतं म्हने तिले. वरून हासन्याचा आवाज, कपबशा. खाली मांडवात मी, रंजीता, निता, भटजी अन् आचारी.

दीड वाजला. लिफ्ट बंद होती. काकू काठी टेकत तीन माळे उतरून एकटीच आली. फाटकात उभी राह्यली.

म्हने, "घरटी एक म्हनलं ना तू? आमच्या घरून मी आली."

म्या खुर्ची देली. बसली नाई. मांडव पाह्यला, माह्या सफारीकडे पाह्यलं. मी सहा महिने तयार करून ठेवलेलं वाक्य काढलं. म्हनलो, काकू, चूलबंद आवतन ज्यायनं देलं नाई त्यायले चूलबंद भेटत नसते.

 काकू हळू बोलली, रंजीताले आयकू न जाईन असं.

"सगळ्यात पयली अक्षत तुह्याच गॅसवर ठेवली म्या, देवा. मांगच्या दारानं आली होती. तू घरी नोता. मंग दुकानापुढून जाता-येता तुह्याकडे पाहून हासली बी. म्हटलं, घरी गेला की पाहीन. गाडी तुह्या दारी उभी करून तीन डाव हॉर्न मारवला. तं तुह्या घरातून धूर निघाला. माह्यं आवतन घेऊन तू चूल पेटवली, बाप्पा. रस्ताभर मी बोलली नाई कोनाशी."

 ती पंगतीत जाऊन बसली. एकटीच. रंजीतानं वाढलं, ती जेवली, बुंदी मांगून घेतली. अवघ्या मांडवात एक पान.

बाकी लोकं अडीच वाजता आले. विनोदकडे चहा-पोहे झाले होते, म्हनून थोडं थोडं जेवले.

२४ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ९

मांगची पानं काढून पाह्यली. ७ मे. माह्याच अक्षरात हाये. पिवळे तांदूळ. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं.

रंजीताले दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. म्हने, मी बहिनीकडे जायच्या आधी ओटा पुसून गेली होती, हे मात्र लिहा कुठंतरी. लिहिलं.

आता इचार केला तं चूक तशी पद्धतीची हाये. पाच दाने म्हंजे काय, चष्मा नसला तं कोनाले दिसतीन? गॅसवर एवढीशी जागा. मूठभर ठेवाले पायजे. ते सुधारना मी सुरू करतो.

दुपारी १

ताटलीत मूठभर तांदूळ, हळद-कुकू लावून, मी वर गेलो. लिफ्ट बंदच. तिसऱ्या माळ्यावर दम लागला, म्हनून दारात बोलता आलं नाई. विनोदनं दार उघडलं. बाजूले झाला. काकू हॉलमंधी लसन सोलून राह्यली होती. ऊन अजून आलं नोतं, घर थंडगार होतं.

मी सरळ सैपाकघरात गेलो अन् गॅसवर मूठ रिकामी केली. अर्धे दाने बर्नरात गेले. अंजना फडकं घेऊन धावली. मी तिचा हात धरला, मोठा दीर असून. म्हनलो, पुसू नोको.

विनोद मांगं उभा होता. म्हने, "दादा, पन कुकर लागला हाये. दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी बाकी हाये."

मी म्हनलो, "बंद कर."