कवठांचा मनोरा

रवि., १ डिसेंबर २०२४, धुळे
आगमनाचा पहिला रविवार. उपासनेनंतर सेक्रेटरी सरांनी चर्चच्या पंच कमिटीची सूचना वाचली. नाताळला मेजावर यंदा तयार सजावट ठेवायची. ऑनलाइन मागवली आहे, बॅटरीचे दिवे आहेत. पुण्याहून पाहुणे येणार म्हणून.

म्हणजे कवठांचा मनोरा नाही. आत्या शेजारीच बसली होती. चाळीस वर्षं नाताळच्या मेजावर तिच्या हातचा मनोरा असतो. तिने पदर नीट केला.

बाहेर सरांना गाठलं. म्हटलं, आत्याचे हात थरथरतात म्हणून ठरवलं असेल तर यंदा मी करतो. सर हसले. शाळेत गणित तेच शिकवायचे.
"तू? दहावीला भूमितीत किती होते रे तुला?"
"अकरा."
सगळे हसले. तरी म्हटलं, "मी आणणार."

सोम., २ डिसें.
फोटोफ्रेमच्या दुकानात दिवसभर पट्ट्या कापल्या. एक पट्टी चुकली. माझी चुकत नाही.

संध्याकाळी आत्याला पहिल्यापासून सांगायला लावलं. ऐकलं तसं लिहितो.

तिची आई, म्हणजे माझी आजी सगुणाबाई, मिशनच्या बंगल्यात स्वयंपाक करायची. तिथल्या मिशनरी मडमेच्या देशात नाताळच्या मेजावर चार सफरचंदं ठेवत. तीन खाली, एक वर, मध्ये सहा काड्या. प्रत्येकावर मेणबत्ती, नाताळआधीच्या चार रविवारी एकेक वाढवत पेटवायची. मडमेची सफरचंदं आगगाडीने चाळीसगावला यायची. एका वर्षी पेटी उघडली तर सगळी सडलेली. मडम खोलीत जाऊन बसली. आजीने कंपाउंडातली चार कवठं पाडली. काड्यांऐवजी ज्वारीचे धांडे लावले, बाभळीच्या काट्यांनी टाचले, कापसाच्या रिकाम्या बोंडांची फुलं लावली. कुणाला विचारलं नाही. मडम आधी रागावली. मग तिनेच मेज पुसून जागा करून दिली.
मी : अजून काय म्हणाली मडम?
आत्या : "माले काय माहीत? मना जलम बी नव्हता तवय."

शुक्र., ६ डिसें.
कवठं मिळाली. पाच घेतली, एक जादा. बरं झालं. थंड सळईने भोक पाडायला गेलो, पहिलं तडकलं. सळई लाल करूनच टोचायची. सगळ्या घरात आंबट-जळका वास. आत्या खूश. तिला वासावरूनच नाताळ कळतो.

रवि., ८ डिसें.
धांड्यांसाठी नरडाण्याच्या पुढे आबांच्या मळ्यात गेलो. आबा दुकानाचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या बैलाच्या फोटोची फ्रेम मीच केली. पावसाळी ज्वारीचा अख्खा धांडा कुठे उरलाच नाही, सगळ्याची मशीनवर गुरांसाठी कुट्टी. पण दादर, म्हणजे हिवाळी ज्वारी, उभी आहे, हिरवीगार. आबा म्हणाले, "दादर लई जाय. दादरनी सर कोनले शे?"

खरंच. भाकरी दादरचीच. मग धांडाही तिचाच चांगला असणार. बारा निवडून आणले.

बुध., ११ डिसें.
झाला. सहाही धांडे नऊ-नऊ इंच, केसाचाही फरक नाही. काय सुंदर कापले गेले. आत्याने एक धांडा बोटाने दाबून बघितला.
"वल्लं शे."
"ताजं आहे."
"बरं."

रवि., १५ डिसें.
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

उपासनेनंतर कमिटीची बैठक होती. मनोरा खोक्यातून नेला, आपणहून. बाहेर काढला तर धांडे सुरकुतलेले, काटे ढिले. टेबलावर ठेवला आणि माझ्या देखत एका अंगाला बसत गेला. वरचं कवठ निसटलं, घरंगळत सरांच्या खुर्चीखाली. सरांनी उचलून दिलं.
"घे. चटणी कर."

चर्चचे पाळकसुद्धा हसले. मी उठलो नाही. सर म्हणाले, आणि मुळात हे आपलं नाहीच, मडमेच्या देशाचं आहे. मी म्हटलं, ऑनलाइन येतंय ते कोणत्या गावचं?
"वाद नको. आपल्या चर्चच्या स्मरणिकेत या मनोऱ्याचा एक शब्द तरी आहे का?"
"स्मरणिकेत मडमेवर चार पानं आहेत सर. तिला जेवू कोण घालत होतं ते नाही."
"विषय संपला."
संपला नाही. हे मात्र दारातून बाहेर पडल्यावर सुचलं.

सोम., १६ डिसें.
आत्या : "दादर खावाले, बांधाले नही. वल्ला धांडा सुकस, काटा ढिला पडस."
मी चिडलो. त्या दिवशीच का नाही सांगितलंस?
"तू मोजी ऱ्हायंता."

गुरु., १९ डिसें.
अर्धा दिवस सुट्टी मागितली. मालकांनी तोंड वाकडं केलं, दिली. पुन्हा आबांकडे. पडक्या खळ्यात, गोठ्याच्या माळ्यावर, सगळीकडे शोधलं. कुट्टीच कुट्टी. परत निघालो तर परसात अक्कांच्या, आबांच्या बायकोच्या, न्हाणीला आडोसा दिसला. दोन वर्षांपूर्वीच्या ज्वारीचे धांडे, उन्हापावसात काळपट झालेले. हात लावला तर हाडासारखे टणक. विचारायची लाज वाटत होती. विचारलं.

अक्का आधी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसून हसून ओटीवर बसल्या.
"आवो, आयका का? मनी न्हाणीना आडोसा आते यास्ना देवना मेजवर जाई!"
आबा म्हणाले, "देव काय, न्हाणीना नि देव्हाराना धांडा वळखस का?"
अक्कांनी स्वतःच उपटून दिले. आठ. आडोशाच्या भोकाला तात्पुरतं पोतं लावून आलो.

रवि., २२ डिसें.
आगमनाचा चौथा रविवार. आत्याने पट्टी आणि काटकोनाचा गुण्या माझ्या हातातून काढून उशीखाली ठेवले. माप वितीचं : एक वीत, वर दोन बोटं. पण कापायचं पेर बघून. पेर टोकाजवळ यायला हवं, तिथे काटा मारला की धांडा चिरत नाही. पेरं काही वितीला विचारून येत नाहीत. म्हणून सहा धांडे सहा तऱ्हेचे. मला बघवत नव्हतं. तिने थरथरत्या हाताने माझं मनगट धरलं. काटे तसेच मारले, दोघांनी मिळून.

मनोरा किंचित डावीकडे झुकला आहे. हलवून बघितला. तीनदा. टेबलावर मूठ आपटून बघितली. हलत नाही.

चारही मेणबत्त्या पेटवल्या. जेवलो.

मंगळ., २४ डिसें.
सरांचा फोन. "उद्या काही आणू नकोस. पाहुण्यांसमोर तमाशा नको."
"तमाशा नाही सर. मनोरा आहे."
"मेजावर जागा नाही."
"मी आणणार."
फोन त्यांनी ठेवला की मी, लक्षात नाही. नंतर बराच वेळ पाणी पीत होतो.

दुपारी चर्च झाडायला गेलो होतो तेव्हा बघून आलो. बॅटरीवाली सजावट मेजाच्या मधोमध. डाव्या बाजूला एक वीत जागा, उजव्या बाजूला त्याहून कमी. मनोऱ्याला दोन विती लागतात.

मग चिठ्ठी लिहिली, खालच्या कवठाला काट्याने टाचायची. "हा मनोरा पहिल्यांदा सगुणाबाईने केला. ती मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकीण होती." सगुणाबाईच्या नावापुढे आडनावही होतं. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासलं. आत्याला वाचता येत नाही, तिने दोनदा वाचायला लावलं.
"आडनाव काढ. मनोरा तिना शे, तिना नवराना नही."
नवीन चिठ्ठी लिहिली.

बुध., २५ डिसें., सकाळ
पावणेनऊ. उपासना साडेनऊला. रात्री झोप नाही. शर्ट इस्त्रीचा.

आत्याला रिक्षात बसवून पुढे पाठवलं. ती म्हणाली, पहिल्या बाकावर जागा धरते, मेज तिथून दिसतं. तिला सांगितलेलं नाही की जागा एकच वीत आहे. कदाचित तिला माहीत असेल.

मनोरा पिशवीत मावत नाही. रिक्षात मांडीवर धरला तर काटे हलतील. तेव्हा दोन्ही हातांनी उचलून चालतच नेणार. दारात सर उभे असतील, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हात देऊन सलाम करत. माझा हात मोकळा नसेल.